वाटीच्या तळाचा पितळी स्क्रू

पेट्रोल तोंडात गेलं की त्याची चव दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. चहा पेट्रोलचा लागतो, भात पेट्रोलचा लागतो आणि ढेकर आला तर शेजारी कुणी काडी ओढू नये असं वाटतं. आमच्या घरच्या मोटारसायकलीपायी मी हे पेट्रोल इतक्या वेळा तोंडात घेतलंय, की आजही कुठे टू-स्ट्रोक गाडीचा तो निळा धूर नाकात शिरला की मला आधी थुंकावंसं वाटतं. हल्ली लोक असल्या जुन्या गाड्यांचे फोटो काढतात, तिच्या आवाजाची आठवण काढून गहिवरतात. गहिवरू देत. त्यांनी तिची नळी तोंडानं ओढलेली नाही.

गाडी बाबांची. काळी, दोन सायलेन्सरची आणि म्हशीसारखी जड. बनवणाऱ्या कंपनीला नव्वदच्या दशकातच टाळं लागलं, त्यामुळे तिचा एखादा भाग गेला की तो गेलाच. वसईजवळच्या गास गावातल्या आमच्या घराच्या ओट्याला लागून ती उभी असायची. तिच्याखाली तेलाचा डाग कायमचा. आई त्यावर राख टाकायची, डाग राखेतूनही वर यायचा. बाबा पहाटे वाडीतली केळी आणि फुलं तिच्यावर लादून माणिकपूरला न्यायचे आणि उन्हं चढायच्या आत परत यायचे. अंगाला घामाचा, फुलांचा आणि जळक्या तेलाचा असा तिहेरी वास घेऊनच ते न्याहारीला बसत.

त्यांची एक खोड माझ्या लहानपणापासून डोक्यात जायची. रविवारी दुपारी जेवणं व्हायची, मटणाचा वास अजून हातालाच असायचा, सगळे आडवं व्हायला बघत असायचे, आणि हा माणूस नेमका तेव्हा उठून गाडीकडे जायचा. आधी गाडी धरून दोन्ही बाजूंना हेलकावायची. मग उकिडवं बसून कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडायचा. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला पाजणारा जो डबा, तो कार्बोरेटर. त्याच्या खाली एक लहानशी वाटी असते आणि टाकीतून आलेलं पेट्रोल आधी तिच्यात साठतं. त्या वाटीतलं पेट्रोल बाबा एका पांढऱ्या एनॅमलच्या पेल्यात धरायचे. पेला एके काळी चहाचा होता, म्हणजे आम्ही सगळे कधी ना कधी त्याला तोंड लावलेले. पेला तिरका करून ते त्याच्या तळाशी बघत राहायचे.

ओट्यावरून आई विचारायची, "काय निगालं?"

"काय नाय," बाबा म्हणायचे. "साफ हाय."

दर रविवारी साफ. मग दर रविवारी उघडायचं कशाला? घरभर पेट्रोलचा वास सुटायचा, तो उशीच्या अभ्र्यात जाऊन बसायचा आणि जेवलेलं वर यायला बघायचं. मी एकदा त्यांना तोंडावर विचारलंसुद्धा. "सवय," एवढंच म्हणाले आणि पेला घेऊन परसात गेले. पोटात इतकं कमी बोलणं साठवून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाबा गेले ते पावसाळ्यात, तापानं, खाटेवर. गाडीनं त्यांना जन्मात कधी पाडलं नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही. आई हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

वाडी तोवर नावापुरती उरली होती. आजूबाजूला इमारती उठल्या, त्यांच्यासाठी टँकर गावातल्या विहिरींवर तुटून पडले आणि आमच्या विहिरीचं पाणी खारं झालं. खाऱ्या पाण्यावर केळ धरत नाही. ते पाणी तोंडात घेतलं की मला त्या टँकरवाल्यांच्या सात पिढ्या आठवायच्या. बिल्डरचा एक माणूस मिठाईचा पुडा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागला होता. गोड बोलायचा. जाताना हमखास म्हणायचा, "विचार करा, घाई नाही." आई त्याची मिठाई घरात घेत नव्हती. पुडा ओट्यावरच राहायचा आणि त्याला मुंग्या लागायच्या.

त्याला ओट्यावरून कायमचा उठवायचा तर घरात पगार यायला हवा होता. मी वसई पूर्वेला प्लॅस्टिकच्या बादल्या ओतणाऱ्या कारखान्यात लागलो. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास पहिले काही दिवस डोक्यात भणभणायचा. नंतर कळेनासा झाला, ते जास्त वाईट वाटलं. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मार्चपर्यंत बघू. सकाळच्या पाळीला टायमावर आलास तर कायम करू. नाहीतर गेटवर रोज दहा पोरं उभी असतात." आमच्या गावातून पहाटेची पहिली एसटी ड्रायव्हरला जाग आली तर यायची. म्हणजे मोटारसायकल धड चालली तर मी कायम, मी कायम झालो तर वाडी आमची. इतकं साधं होतं ते, आणि ते सगळं त्या तेल गळक्या धुडावर अवलंबून होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी रेल्वेच्या फाटकापाशी तिनं मान टाकली. आधी खोकली, मग एकदा मोठ्यानं शिंकली आणि गप्प झाली. किक मारून मारून पायाची पिंडरी भरून आली. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मी नळी काढून तोंडानं ओढली, गुळणी भरून पेट्रोल आलं, रस्त्याच्या कडेला थुंकलो. फाटक उघडलं, बंद झालं, परत उघडलं. कारखान्यात पोचलो तेव्हा माझ्या मशीनवर दुसराच उभा होता. सुपरवायझरनं नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

संध्याकाळी गाडी ढकलत घरी आलो. हात काळे, शर्ट पाठीला चिकटलेला. आई दारातच उभी होती. तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आलास ना घरी? मंग झालं तर."

झालं तर! मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझी नोकरी गाळात जायला निघाली होती आणि हिला समाधान वाटत होतं.

माणिकपूरला एक मेकॅनिक होता. या गाड्यांतला मीच एक जाणकार, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यानं कार्बोरेटर खोलला. वाटीत पेट्रोलच्या खाली पाण्याचा थेंब तळाशी गोल फिरत होता आणि आतून सगळीकडे पांढरी बुरशी चढल्यासारखी खरवड जमली होती. धातूला बारीक खड्डे पडले होते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी एक पितळी, केसाएवढं भोक असलेली पुळी असते, जेट म्हणतात तिला. ती त्यानं उपसली, तोंडात घातली, चोखली, फुंकली, जिभेनं चाटून परत बघितली. लिमलेटची गोळी असावी तसं.

"पेट्रोलमदी पानी मारतोय तुझा पंपवाला," तो म्हणाला. "आन इथली खारी हवा. कार्बोरेटर गेला तुझा. आतून सडला. दुसरा बसवायला लागेल." मग वाटीच्या तळाशी बोट लावून म्हणाला, "हा स्क्रू बघ. कंपनीचा नाय हा. कंपनीच्या वाटीला इथं भोकच नसतं. कोनीतरी लेथवर भोक पाडून मागून बसवलाय. कोनी केला हा शाणपना?"

"बाबांनी केला असेल."

"त्यांना सांग, असले उद्योग करू नका."

"ते गेले."

"मंग राहू दे," तो म्हणाला आणि हात पुसायला लागला. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी बाबांचाही आला. चांगल्या कार्बोरेटरला भोक पाडून ठेवलं आणि तेच मी निस्तरत बसलोय, असं वाटलं. तो जुना कार्बोरेटर मी कागदात गुंडाळून घरी आणला आणि ओट्याच्या फळीवर टाकून दिला.

पंपावर मी बाटली घेऊन गेलो. बाटलीत वर पेट्रोल आणि खाली पाणी, अगदी डोळ्यांना दिसेल असं. पंपावरच्या माणसानं बाटली उन्हात धरली, हलवली आणि म्हणाला, "पावसाचं गेलं असेल टाकीत."

"डिसेंबर चालू आहे."

"मग दवाचं असेल."

मी तिथे गळ्याच्या शिरा ताणून भांडलो. चार लोक जमले, त्यातल्या दोघांनी आपापल्या गाड्यांच्या तक्रारी काढल्या आणि माझी राहून गेली. त्या दिवसापासून मी पंप बदलला. टाकीच्या झाकणाचं रबरही बदललं. भेसळ करणारी ही जात. यांच्या घरी चहातही पाणी जास्तच असणार, असं मनाशी म्हणत मी ठरवलं, यापुढे लांब पडला तरी दुसऱ्याच पंपावर जायचं.

आता नवा कार्बोरेटर निवडायचा होता. तोवर रोज पहाटे कुणाची ना कुणाची गाडी थांबवून मी कारखाना गाठत होतो. माणिकपूरच्या सुट्या भागांच्या दुकानाची पायरी गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली. पाय कुठे ठेवावा हाच प्रश्न. काउंटरवरचा माणूस तोंडात तोबरा धरून, मान वर करून बोलायचा. त्यानं जिलेटीनच्या कागदातला एक चकचकीत कार्बोरेटर काढून माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "ओरिजनल आहे का?"

"कंपनी बंद हो गई, ओरिजनल किधर से आएगा?" त्यानं पिचकारी टाकून तोंड मोकळं केलं. "ये ओरिजनल डुप्लिकेट है. बाकी सब डुप्लिकेट का डुप्लिकेट."

हाताला तो बिस्किटाच्या डब्यासारखा लागत होता. कडा धारदार, वाटीचा पत्रा इतका पातळ की अंगठ्यानं दाबला तर दबेल. मी घेतला नाही.

मेकॅनिकचं म्हणणं वेगळंच. "रिक्षाचा बसव. गल्लोगल्ली मिळतो, ॲव्हरेज पन देईल." रिक्षाचा कार्बोरेटर! माझ्या बाबांच्या गाडीला! त्या गाडीचा मला तिटकारा होता हे खरं. पण तिला रिक्षा करायची कल्पना त्याहून ओंगळ वाटली. मी नाही म्हणालो.

कुणीतरी सांगितलं, जूचंद्रला एका माणसाच्या अंगणात अशीच गाडी पडून आहे. रविवारी तिकडे गेलो. गाडी होती. सीट फाटलेली, फाटक्या सीटच्या खळग्यात गवत भरलेलं आणि त्यावर एक तांबडी कोंबडी अंग फुगवून बसलेली. हँडलवर, टाकीवर, सायलेन्सरवर सगळीकडे विष्ठेचे ओघळ, त्यातले काही ताजे. वाकून बघितलं तर कार्बोरेटर कंपनीचाच होता. जाड, भक्कम, जुन्या काळचा. तोंडाशी कुंभारमाशीनं चिखलाचं घर केलेलं होतं, एवढंच.

म्हाताऱ्या मालकाला म्हटलं, एवढा कार्बोरेटर काढून द्या.

"आता नाय," तो म्हणाला. "कोंबडी अंड्यांवर बसलीय."

"मी कोंबडीला हात लावत नाही. खालून काढतो."

"गाडी हलली की कोंबडी उटते. उटली की अंडी गार. पिल्लं निघू दे, मंग ये."

मी त्याला समजावलं, माझी नोकरी आहे, मार्च आलाय जवळ. तो शांतपणे विडी ओढत राहिला. कोंबडीनं एकदा माझ्याकडे तिरक्या मानेनं बघितलं आणि परत डोळा मिटला. माझं कायम होणं एका खुडुक कोंबडीवर अडून राहिलंय, या विचारानं मला हसूही येईना. बुटाला लागलेली घाण रस्त्यावरच्या दगडाला पुसत मी परत निघालो.

शेवटी तोच पत्र्याचा चकचकीत डबा विकत घेतला. बसवला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मी खूश. जेमतेम दोन आठवडे गेले असतील, ती पुन्हा शिंकली. खोललं तर वाटीत पाणी, पांढरी खरवड आणि त्या पातळ पत्र्याला आरपार भोक. कारखान्यात पोचायला उशीर झाला. या वेळी सुपरवायझर बोलला. "तुझं काम चांगलं आहे रे, पण गेटवरची पोरं तुझ्याआधी येतात. आता एकदा उशीर झाला की तू पण त्यांच्यातच उभा राहा."

घरी आलो तर ओट्यावर बिल्डरचा माणूस बसलेला. माझे काळे हात बघून म्हणाला, "कशाला एवढे हाल करून घेता? नवी गाडी दारात उभी करू." मी त्याच्या अंगावर ओरडायच्या बेतात होतो. त्याच्याआधी आई आतून बोलली, "गाडी हाय आमची. ती बरी हाय." त्या क्षणी दोघंही मला सारखेच असह्य झाले.

मग नाक दाबून रिक्षाचा कार्बोरेटर बसवला. आवाज थेट रिक्षाचा. माणिकपूरच्या नाक्यावर मी येतोय हे ऐकून लोक न बघताच हात दाखवायचे. एकदा दोन पिशव्या घेतलेल्या एक बाई पुढे येऊन "स्टेशन?" म्हणाल्या, आणि मला बघून अशा चिडल्या जणू मीच त्यांना फसवलं होतं. हेही सोसलं असतं. पण दुसऱ्या आठवड्यात त्याच्याही वाटीत तोच पाण्याचा थेंब, तीच पांढरी खरवड. पंप नवा, झाकणाचं रबर नवं, कार्बोरेटर तिसरा, आणि पाणी मात्र तेच. मला आता कुणाचा राग करावा तेच कळेना. जो दिसेल त्याचा करत होतो.

त्या रविवारी मी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला गेलोच नाही. आई नेहमीसारखी पहिल्या मिस्सेला गेली होती. ती परत आली की मी दुसरीला जायचो, अशी आमच्या घरची पद्धत, बाबांच्या वेळेपासूनची. मी त्या दिवशी विहिरीच्या कठड्यामागे बसून रिक्षाच्या कार्बोरेटरची वाटी रॉकेलमध्ये घासत होतो. गाडी तिथून समोरच ओट्याशी उभी. आई आली. मी चर्चला गेलोय असं समजून तिनं घरात डोकावूनही पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर तसाच, पायांत चप्पल तशीच, ती सरळ गाडीपाशी गेली. टाकीचं झाकण तिनं सराईतपणे फिरवून काढलं. कमरेच्या पिशवीतून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली. आणि त्यातलं पाणी टाकीत ओतलं.

ओतताना ती नमो मरियेची प्रार्थना पुटपुटत होती. मग टाकीवर अंगठ्यानं क्रूस काढला आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "माज्या पोराला सुकरूप घरी आन."

ते चर्चच्या दारातलं, फादरनी आशीर्वाद दिलेलं पवित्र पाणी होतं. त्यात मीठ असतं. मला माहीत होतं, लहानपणी आल्तारावर, म्हणजे चर्चच्या वेदीपाशी, सेवा करायचो तेव्हा आमच्या फादरच्या बाजूला मिठाची वाटी धरून मीच उभा असायचो. मीठ आणि पाणी. तीच पांढरी खरवड.

मी उठलो. डोकं असं तापलं होतं, की आता तोंडातून काय निघेल याची मलाच भीती वाटत होती. महिनोन्‌महिने तोंडानं ओढलेलं पेट्रोल, पंपावरचं भांडण, पत्र्याचा डबा, रिक्षाचा आवाज, कोंबडीची घाण, गेटवरची पोरं, सगळं घशाशी आलं होतं. आईनं झाकण लावलं, घट्ट आहे ना म्हणून पुन्हा एकदा पिळलं आणि बाटली पिशवीत टाकली. हाताला जराही अडखळ नाही. हे ती आज करत नव्हती. हे ती कित्येक वर्षं, दर रविवारी, पहिल्या मिस्सेवरून आली की करत होती.

दर रविवारी.

मी कठड्यामागे परत खाली बसलो. मला तो एनॅमलचा पेला दिसला. जेवणानंतरची दुपार, गाडी दोन्ही बाजूंना हेलकावणारे बाबा, म्हणजे टाकीतलं जड पाणी तळाशी येऊन नळीतून वाटीत उतरावं. वाटीखालचा तो पितळी स्क्रू, जो कंपनीचा नव्हता. लेथवाल्याकडे जाऊन या माणसानं चांगल्या कार्बोरेटरला मुद्दाम भोक पाडून घेतलं होतं, कारण बायकोनं सकाळी घातलेलं पाणी त्याला दुपारी काढायचं होतं. आणि तिरक्या पेल्यात तळाशी पाण्याचा थेंब फिरताना बघत, ओट्यावर वाट बघणाऱ्या त्याच बायकोला तो सांगत होता, काय नाय, साफ हाय.

एकदाही त्यांनी तिला थांबवलं नाही. टाकीला कुलपाचं झाकण मिळतं. त्याच लाल पायरीच्या दुकानात काचेमागे टांगलेलं असतं. बाबांनी ते आणलं नाही, स्क्रू आणला. मला त्यांचा त्या क्षणी भयंकर राग आला. निदान मला तरी सांगून जायचं होतं! खाटेवर इतके दिवस पडून होते, बोलत होते. नारळाला मीठ घाल, विहिरीवरच्या पंपाची खोली उघडी टाकू नकोस, हे सगळं सांगितलं, आणि हे नाही. मग वाटलं, आईच उशाशी बसून असायची. तिच्यासमोर कसं सांगणार? माझे डोळे चुरचुरत होते. रॉकेलचा हात लागला असेल म्हणून मी मनगटानं पुसले, आणखीच चुरचुरले.

मी आईला काही बोललो नाही. पंपवाल्याची माफीही मागितली नाही. तो काही पाणी घालतच नसेल असं अजूनही मला वाटत नाही.

त्याच दिवशी जूचंद्रला गेलो. आता मला नेमकं कळलं होतं काय निवडायचं ते. आधी मी तोंड बघत होतो, चमक बघत होतो, कंपनीचा शिक्का शोधत होतो. निवडायचा होता तो तळ. भोक पाडून आटे काढता येतील इतका जाड तळ हवा होता, आणि तसा त्या कोंबडीखालच्या गाडीलाच होता. अंगणात तांबडी कोंबडी पिल्लं घेऊन उकिरड्यात पाय मारत होती. म्हातारा म्हणाला, "आता घे. आता तिचं काम झालं." मी विष्ठेनं माखलेल्या त्या गाडीखाली उताणा पडून कार्बोरेटर काढला. कुंभारमाशीचं घर डोळ्यांवर कोसळलं, खालची माती ओली होती, कशानं ओली ते मी विचारलं नाही. शिसारी आली, पण हात थांबले नाहीत.

घरी येऊन फळीवरचा जुना कार्बोरेटर कागदातून सोडवला. त्याची वाटी सडून गेली होती, पण पितळी स्क्रूला काहीच झालेलं नव्हतं. घासला तर पिवळाधमक निघाला. तो खिशात टाकून नालासोपाऱ्याच्या एका लेथवाल्याकडे गेलो.

"एवढ्या चांगल्या वाटीला भोक?" तो म्हणाला. "कशाला?"

"कचरा काढायला," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि भोक पाडलं. बाबांचा स्क्रू त्यात बरोबर बसला.

मार्चमध्ये मी कायम झालो. त्यानंतर बिल्डरचा माणूस आला तेव्हा मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसून त्याची मिठाई त्याच्याच समोर शेजारच्या पोरांना वाटून टाकली. त्याला जे समजायचं ते समजलं. पुढे कित्येक वर्षं ती गाडी मला कारखान्यात घेऊन गेली. तिनं मला कधी पाडलं नाही. आई हेही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना माझ्याकडे अशी बघायची की जणू मला कारण माहीतच नाही.

रविवारी दुपारी जेवून सगळे आडवे व्हायला बघायचे, तेव्हा मी उठायचो. गाडी दोन्ही बाजूंना हेलकावायचो, उकिडवा बसायचो, स्क्रू सोडायचो. ती वेळ मला अखेरपर्यंत नकोशीच वाटली. तो वास जेवणावर कुणाला सोसेल? पेट्रोल बोटांवरून कोपरापर्यंत ओघळायचं, नाकात जायचं, डोकं दुखायचं. टवके उडालेला तो पेला तिरका धरला की तळाशी पाण्याचा एक मणी इकडून तिकडे धावायचा.

ओट्यावरून आई विचारायची, "काय निगालं?"

"काय नाय," मी म्हणायचो. "साफ हाय."